माघी गणपतीच्या आदल्या दिवशीची टरफलं

वनिता गेली तेव्हा माझे हात कोळंबीच्या पाण्यात होते. फोन ओट्यावर होता. तो वाजला, थांबला, परत वाजला. हात साडीला पुसून उठेपर्यंत तिसऱ्यांदा वाजून गप्प झाला. मग मीच लावला. पलीकडे आमचे हे होते, वनिताचे थोरले भाऊ. मागे हॉस्पिटलातली भांडी वाजत होती, नाश्त्याची वेळ असावी... शेवटी म्हणाले, "तू नको येऊ आता. आमीच तिला घेऊन येतो." मी विचारलं, "कवा?" ते म्हणाले, "साडेसातला." दुपारी तिच्याजवळ बसायची माझी पाळी होती, म्हणूनच मी लवकर सोलायला बसले होते. परातीत अर्धी कोळंबी सोललेली होती, अर्धी तशीच. मी परत खाली बसले आणि उरलेली सगळी सोलून संपवली. नंतर लोक म्हणाले, नणंद मेली तरी ही बाई कोळंबी सोलत होती. म्हणोत. अर्धी टाकून उठले असते तर वनिताच रागावली असती.

याला आता दीड महिना होईल. मी चौथीपर्यंत शिकले, जासईच्या शाळेत. पुढे मिठागरावर पाट्या वाहिल्या आणि लग्न होऊन पनवेलला आले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज आतल्या आत जातो. कुणी पाहुणा आला तर मी चहा ठेवून मागच्या दारी जाते. म्हणून जे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. ही वहीसुद्धा वनितानेच दिलेली. पुढच्या पानांवर कोळंबीच्या टरफलांच्या नोंदी आहेत. मागून मी हे लिहायला घेतलं आहे, कारण मला राग आला आहे आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

पहिला राग आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या आत्या, कोन गावात राहतात. बाराव्याला आल्या, जेवल्या, हात धुतले आणि सगळ्या बायकांत बसून म्हणाल्या, "कॅन्सरचा औषध करीत होती ना ती? मंग सोताला कसा नाय लागू परला?" दोघीतिघी हसल्यासारख्या झाल्या. एक म्हणाली, "शिकून काय केलान, उंदीर मारलान." मी पत्रावळी गोळा करत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, आत्याबाई, तुमच्या जावयाला झालं तेव्हा फाईल घेऊन कुणाकडे धावलात? वनिताकडेच ना? डॉक्टरने काय सांगितलं ते रात्रभर बसून कुणी समजावलं? पण मी पत्रावळी उचलल्या आणि बाहेर टाकून आले.

मी लग्न होऊन आले तेव्हा वनिता सातवीत होती. दोन वेण्या, गुडघे कायम फुटलेले. मला वयनी म्हणायची. रात्री माझ्याच शेजारी झोपायची आणि अंधारात विज्ञानाचं पुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवायची. मला त्यातलं काही कळत नसे, पण मी हं हं म्हणायचे. ती म्हणायची, "वयनी, तू हं म्हटलंस की मला पुढचं आठवतं." ती शिकतच गेली. सासू वारली, सासरे वारले, तिचं लग्न काही जमलं नाही, तिनेही फारसं जमू दिलं नाही. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागली आणि राहिली आमच्याकडेच. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी आली की माझ्यासमोर पाटावर बसायची आणि बोलता बोलता कोळंबी सोलू लागायची.

मी सोडे करून विकते. कोळंबी सोलायची, काळा दोरा काढायचा, कडक उन्हात वाळवायची. टरफलं आम्ही टाकून देतो. एके दिवशी ती टाकायला निघाले तर वनिता म्हणाली, "थांब वयनी. ती मला दे." मला वाटलं, झाडांना घालायला हवी असतील. ती म्हणाली, औषधाला. मी म्हटलं, "येडी हायस काय तू?"

मग तिने समजावलं. मला जसं कळलं तसं लिहिते. ती म्हणाली, "तुझ्या माहेरी कंटेनर यार्डाच्या गेटवर वॉचमन असतो ना?"

"हाय ना. माजा चुलतभावच हाय."

"चोर आला तर तो काय करतो?"

"झोपलेला नसला तर पकडतो."

ती खूप हसली. म्हणाली, "समज जागा आहे. पण चोराकडे खोटा गेटपास आहे. वॉचमन पास बघतो आणि सलाम करून आत सोडतो. कॅन्सर तसाच आहे. आपल्या अंगातले वॉचमन त्याला घरचा माणूस समजतात." आता अशी औषधं निघाली आहेत, ती म्हणाली, की ती हा खोटा पास फाडतात आणि वॉचमनला चोर ओळखू येतो. मी म्हटलं, "मंग झाला की काम." ती म्हणाली, "नाय ना झाला. ते औषध शिरेतून देतात. सगळ्या अंगात फिरतं. सगळ्याच गेटवरचे पास फाटतात. मग वॉचमन बिथरतात आणि घरच्याच माणसांना काठीने मारत सुटतात. आतड्याला मारतात, फुप्फुसाला मारतात." म्हणून तिला ते औषध बारीक कंटेनरमध्ये भरून पाठवायचं होतं. एवढे बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. त्याचं सील रस्त्यात तुटता कामा नये, चोराच्या यार्डातच तुटायला हवं. गाठीच्या आसपास जरा आंबटपणा असतो, आणि टरफलांपासून एक पांढरी पूड निघते ती आंबटात विरघळते. त्या पुडीचे कंटेनर. तयार पूड विकत मिळते, पण कोळंबी कुठली, कधी सोलली, काही कळत नाही, दर वेळी वेगळी निघते. म्हणून तिने आपल्या सरांना सांगून स्वतःच करायला घेतली होती. आमच्या पनवेलच्या गॅलरीतून.

तिने मला एक स्टीलचा डबा दिला आणि ही वही. वहीत रकाने आखून दिले. तारीख. कोळंबी कुठली. किती वाजता सोलली. किती वाजता उन्हात घातली. कधी वाळली. माझं अक्षर पाहून मलाच लाज वाटायची. एकदा मी वेळ चुकीची लिहिली आणि पेनाने गिरगटून टाकली, तर ती म्हणाली, "असं खोडायचं नाही, वयनी. चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. आम्ही पण तसंच करतो. दिसणारी चूक चालते, गाडलेली चालत नाही." मी सही शिकले ती तिथे. त्याआधी अंगठा नव्हते लावत, पण सही करायची वेळही कुणी आणली नव्हती.

आमच्याकडे दीड दिवसाचा माघी गणपती येतो. वनिताला पीएचडीची जागा मिळावी म्हणून ह्यांनी नवस केला होता, तेव्हापासून. देव यायच्या आदल्या दिवसापासून घरात मासळी येत नाही, घर धुऊन काढतात. त्या वर्षी नेमका आदल्याच दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ खाडीची कोळंबी घेऊन दारात. त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी मागच्या दारी घाईघाईने सोलली, सोडे शेजारणीकडे वाळायला दिले. टरफलं राहिली. वनिताने सांगून ठेवलं होतं की या आठवड्यात टरफलं हवीतच, सर मागे लागले आहेत. गॅलरीत मखराचं सामान होतं. आत्याबाई कोनहून आलेल्या आणि त्यांचं नाक म्हणजे... मी ती ओली टरफलं डब्यात भरली, झाकण घट्ट बसवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि पाण्याच्या टाकीमागे दडवली. देव गेल्यावर उघडली तेव्हा वास डोक्यात गेला. पाच पाण्यांनी धुतली. दोन दिवस कडक ऊन दिलं. वास गेला, खडखडीत वाजू लागली. मला वाटलं, झालं. आणि वहीत मी लिहिलं, सोलल्याच्या दिवशी दुपारी बाराला उन्हात घातली.

का लिहिलं? देवाच्या दिवसांत मी घरात मासळीची घाण लपवून ठेवली, हे माझ्याच हाताने लिहून ठेवायची मला भीती वाटली. ह्यांनी वही उघडली तर काय म्हणतील, आत्याबाईंना कळलं तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वनिताच्या कामाचं काय होईल हे आलंच नाही. मला वाटलं, सुकलं ते सुकलं. टरफलच ते.

त्या टरफलांचे कंटेनर करून औषध भरून उंदरांना दिलं आणि गाठी भराभर वितळल्या. सरांनी पेढे वाटले. वनितानेही पेढा आणला, पण ती खूश नव्हती. म्हणाली, "रिकामे कंटेनर देऊन बघायचे राहिलेत. औषध न भरता. आणि पुडीत घाण आहे का तेही बाहेरून तपासून आणायचंय." मी म्हटलं, मग बघ ना. ती म्हणाली, "सर थांबायला तयार नाहीत. म्हणतात ते नंतर, आधी परिषदेत मांडू." मोठ्या व्यासपीठावर सरांनी ते मांडलं. पेपरात त्यांचा हसरा फोटो आला. वनिता मागच्या रांगेत अर्धी दिसत होती. दोन महिन्यांनी तिने रिकामे कंटेनर दिले, तर तेवढ्याच गाठी वितळल्या. दुसरीकडच्या लोकांनी दुसऱ्या पुडीने करून पाहिलं तर काहीच झालं नाही. त्या दिवशी ती घरी आली आणि चप्पल न काढता पाटावर बसली.

"रिकाम्या कंटेनरनेही वॉचमन उठले, वयनी. औषधाने नाही उठले, घाणीने उठले. टरफलं कुठेतरी कुजली होती. धुतलं, उकळलं, जंतू मरतात. पण मेलेल्या जंतूंचीही टरफलं राहतात. ती गेली नाहीत." मग वही उघडली. त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही टरफलं कुठे ठेवली होतीस?"

मी भाकरी थापत होते. तिच्याकडे न बघता म्हटलं, "वहीत लिवलाय ना."

ती थोडा वेळ बघत राहिली. माझ्याकडे, वहीकडे. मग म्हणाली, "बरं." एवढंच.

पुढच्या वर्षी माघ लागायच्या आधी तिचा प्रयोगशाळेतून फोन आला. "वयनी, गणपती आठ दिवसांवर आलेत. देव जाईपर्यंत टरफलं नकोत. चुलतभावाला पण सांगून ठेव." फोन ठेवून मी तिथेच भिंतीला टेकले. तिला सगळं कळलं होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. तिने मला दटावलं असतं, दोन शब्द टाकले असते, तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. मला तिचाही राग येतो. एवढं चांगलं कुणी असू नये, समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

इकडे सरांनी तिचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं. दुसऱ्यांच्या उंदरांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे. ती कुरकुरली नाही. संध्याकाळी उरलेल्या वेळात ती आणि तिची मैत्रीण रुबिना, दोघींनी सगळं पहिल्यापासून केलं. रुबिना पनवेलचीच, तिचे अब्बा आखातात होते, दोघी एकत्र जायच्या-यायच्या. आता माझी टरफलं सोलल्या सोलल्या उन्हात पडत होती आणि वहीत मी मिनिटंसुद्धा लिहीत होते. दोन वर्षांनी ती म्हणाली, "वयनी, आलं. पहिल्याइतकं मोठं नाही. गाठी थोड्याच कमी झाल्या. पण आतडी शाबूत आहेत. लहान आहे, पण खरं आहे."

आणि मग तिलाच खोकला लागला.

कधी बिडी न ओढलेल्या बाईच्या फुप्फुसात गाठ. आधीची औषधं चालेनात, तेव्हा डॉक्टरांनी तेच गेटपास फाडणारं इंजेक्शन दिलं, साधं, शिरेतून. गाठ खरोखर लहान झाली. आम्ही देवाला नारळ फोडला. मग तिची आतडी बिघडली. रक्त पडायला लागलं. मी तिची चादर बदलत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बघ वयनी. वॉचमन घरातच घुसले." इंजेक्शन थांबवावं लागलं. गाठ परत वाढली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यासाठी तिने आयुष्य घातलं ती एकच गोष्ट तिथे नव्हती, आणि ती नव्हती म्हणून वनिता गेली. याचा राग कुणावर धरायचा?

एका दुपारी मी धीर केला. म्हटलं, "वनू, ती टरफलं..." तिने डोळे उघडले. म्हणाली, "ते राहू दे आता. पाणी दे." मी चमच्याने पाणी दिलं. दोन चमचे घेतले तिने. परत तो विषय काढायला मला दिवस मिळाला नाही.

ती गेल्यावर महिन्याने प्रयोगशाळेत शोकसभा झाली. ह्यांना कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सुट्टी मिळाली नाही. रुबिना मला घेऊन गेली. शेवटच्या रांगेत बसले. कुणीतरी हातात समोशाची बशी दिली. सर बोलायला उभे राहिले. आवाज छान, मऊ. म्हणाले, वनिता अत्यंत कष्टाळू होती. मग म्हणाले, "एका टप्प्यावर तिच्या हातून थोडा निष्काळजीपणा झाला, प्रकल्पाला मोठा फटका बसला. पण आम्ही तिला सांभाळून घेतलं." लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी च् च् केलं.

सांभाळून घेतलं. पिंजरे धुवायला लावलं त्याला सांभाळणं म्हणतात. थांबा म्हणून ती सांगत होती, तेव्हा कुठे गेलं होतं हे सांभाळणं? मेलेल्या बाईच्या फोटोला हार घालायचा आणि त्याच हाताने तिच्या नावाला डाग लावायचा. मला उठायचं होतं. मी बशी खुर्चीखाली ठेवली. सर खाली बसले, दुसरे उठले, तिसरे उठले, सभा संपली. मी उठले ती घरी यायलाच.

परतताना रुबिना गाडी चालवत होती. पुलावर तिने काच वर केली. मग म्हणाली, "वहिनी, सरांनी तेव्हा तिच्याकडून लेखी घेतलं होतं. तिने लिहून दिलं, टरफलं साठवण्याची जबाबदारी पूर्णपणे माझी होती."

"माजा नाव नाय सांगितला?"

"नाही. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, या खुदा, तू हे काय करतेस? ती म्हणाली, वयनीच्या ओळीवर सगळ्यांनी बोट ठेवलं ना, तर ती पुन्हा हातात पेन धरणार नाही."

मी विचारलं, "ती चूक झाली नसती तर औषध वेळेवर आलं असतं का, तिला?" रुबिना म्हणाली, "नाही वहिनी. उंदरांपासून माणसांपर्यंत यायला फार वर्षं लागतात. खोटं कशाला बोलू? तिचा जीव तुमच्यामुळे गेला नाही." मग सिग्नलला गाडी थांबवून म्हणाली, "तिचं नाव मात्र गेलं."

ते मला कळलं आहे. म्हणून आज वहीच्या पुढच्या बाजूचं ते पान उघडलं. ती ओळ तशीच आहे, माझं वाकडं अक्षर, दुपारी बारा, उन्हात. त्यावर एकच रेघ मारली. खालचं वाचता येतं. बाजूला लिहिलं: ही टरफलं उन्हात घातली नव्हती. माघी गणपतीच्या आदल्या दिवसापासून देव जाईपर्यंत ओलीच, झाकण लावून, पाण्याच्या टाकीमागे ठेवली होती. मी ठेवली. वनिताला सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. वही रविवारी रुबिनाकडे देणार आहे, तिने ती सरांच्या टेबलावर ठेवायची. माझी चूक मी लिहिली आहे. घाई कुणी केली ते त्यांनी लिहावं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लिहिता येतं. आमचे हे वाचतील, आत्याबाईंनाही कुणीतरी वाचून दाखवेल. दाखवू दे.

डबा गॅलरीत आहे. टरफलं आता कुणी न्यायला येत नाही, तरी सोलली की मी ती पसरते, वाळली की डब्यात भरते. झाकण लावत नाही. ते खिळ्याला अडकवलं आहे, वारा आला की भिंतीवर वाजतं. ओळीखाली जागा थोडीच उरली होती, म्हणून सही बारीक झाली. पण पूर्ण नाव लिहिलं आहे.

कमल हरिश्चंद्र म्हात्रे.